काचदुर्गातली म्हातारी

बांगड्या भरताना आपा कधीच हाताकडे बघत नसे. ती तोंडाकडे बघायची. समोरच्या पोरीचा पंजा तिच्या मांडीवर असायचा, तिची बोटं तो कणकेसारखी मळत असायची आणि डोळे मात्र पोरीच्या डोळ्यांत रुतलेले. आपण हाताकडे बघितलं की पोरगीही हाताकडे बघते, घाबरते, मूठ आवळते आणि काच तडकते, असं तिचं म्हणणं. "काच हातानं न्हाई फुटत, भ्यानं फुटती," ती म्हणायची. भ्या घालवायला तिच्याकडे एकच औषध होतं. ती गोष्ट सांगायची.

हिंगोलीहून एसटीनं ती आमच्या साखऱ्याला यायची. डोक्यावर टोपली, डोळ्यांत सुरमा, तोंडात लवंग, समोरचा एक दात पडलेला. शाळेच्या भिंतीला टेकून बसली की गावातल्या पोरी, सुना, म्हाताऱ्या तिच्याभोवती गोळा. ती प्रेमळ वगैरे नव्हती. घासाघीस करणाऱ्या बाईचा चारचौघींत पाणउतारा करायची. "जाय माय, प्लास्टिकच्या घाल. माही काच तुह्या हाताला लाजून राहिली." हे मुद्दाम लिहिते आहे. गरीब म्हातारी म्हटलं की लोकांना ती लगेच गोड लागायला लागते, आणि गोड माणसाकडून काहीही उचलून नेता येतं.

माझे हात मोकळे असायचे. आमच्या घरी मेंढरं होती आणि पत्रकं होती, पुस्तक एकही नव्हतं. बाबा दिवसा मेंढरं राखायचे आणि उरलेल्या वेळात चराईच्या हक्कासाठी मोर्चे काढायचे. अक्षरओळख मला 'बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा' यावर झाली. त्यातल्या एका पत्रकात बांगड्या ही बाईची बेडी आहे असं छापलेलं होतं, म्हणून मला बांगड्या बंद. मी ते पत्रक आपाला वाचून दाखवलं. तिनं ते अगदी मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "बापाला सांग, बेडी लोखंडाची असती. ही काच हाय. मनात आलं की फोडता येती." मग माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघून, "गोष्ट ऐकाया बांगडी लागत न्हाई. बस."

गोष्ट एकच होती. वर्षानुवर्षं तीच. निजामाच्या राज्यात एका गढीत एक जुलमी तालुकदार गावोगावच्या पोरी आणून कोंडायचा. गढीला दारच नव्हतं. नूरी नावाची मन्याराची, म्हणजे बांगड्यावाल्याची, पोरगी त्या गढीत स्वतःहून शिरली, कारण तिच्या बांगड्यांत एक करामत होती. भिंतीवर एक बांगडी फोडली की एक दार उघडायचं, एकाच माणसापुरतं, आणि लगेच मिटायचं. नूरीनं एकेका पोरीला बाहेर काढलं. शेवटची बांगडी शेवटच्या पोरीसाठी गेली आणि नूरी मोकळ्या हातांनी आत राहिली. मग बाहेरच्या पोरींनी आपापल्या बांगड्या काढल्या आणि बाहेरून भिंतीवर फोडायला सुरुवात केली. "इतकी दारं झाली, इतकी दारं झाली, की भितच राहिली न्हाई," इथं आपा हात झटकायची आणि शेवटची बांगडी सर्रकन मनगटावर जायची.

इथं एखादी म्हातारी हमखास कळवळायची. "अगं, बांगडी फोडली म्हणू नये, वाढवली म्हण. सवाशिणी बसल्यात इथं." आपाचं उत्तर ठरलेलं. "तुमच्या घरी वाढवा. माह्या गोष्टीत फोडतेत." मी शाळेत इतिहास शिकायला लागल्यावर तिला अडवायचे. तिच्या गोष्टीत मुघल होते, निजाम होता, जिन होता आणि तालुकदार आगगाडीतून उतरायचा. "आपा, मुघलांच्या काळात हिंगोलीला रेल्वे नव्हती." "काहून नव्हती? माह्या गोष्टीत हाय." एकदा मी विचारलं, ही गोष्ट तुला कोणी सांगितली? ती एवढी चिडली की समोरच्या पोरीचा पंजा तिनं दाबला. "कोन सांगल? माही हाय. मी केली."

हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढे मी हिंगोलीला शिकायला आले, पत्रकं वाचण्याऐवजी लिहायला लागले. ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या कपाटात एक कादंबरी दिसली, 'काचदुर्गाची राजकन्या'. मुखपृष्ठावर पांढरा घोडा, तलवार आणि खाली बारीक अक्षरात 'किशोरवयीन वाचकांसाठी ऐतिहासिक अद्भुत कादंबरी'. असली पुस्तकं मी हातात घेत नसे. पावसामुळे बाहेर पडता येईना म्हणून घेतली. दुसऱ्या प्रकरणात नायिकेनं भिंतीवर बांगडी फोडली, एका माणसापुरतं दार उघडलं आणि मी खुर्चीत ताठ बसले.

सगळं तसंच होतं. फक्त मन्याराच्या नूरीची राजकन्या झाली होती. आणि मन्यार गेले कुठं? ते सातव्या प्रकरणात सापडले. एक मन्यार म्हातारी शापित बांगड्या भरून पोरींना गढीत अडकवत होती. डोळ्यांत सुरमा, तोंडाला लवंगेचा वास, एक दात पडलेला. 'ती हाताकडे कधी पाहत नसे, ती डोळ्यांत पाहत असे आणि डोळ्यांवाटे हळूहळू प्राण ओढून घेत असे.' शेवटी राजकन्या उरलेली बांगडी फोडून बाहेर पडते, सगळी दारं मिटतात आणि म्हातारी आत कायमची कोंडली जाते. समाप्त.

म्हणजे गोष्ट घेतली, आणि गोष्ट सांगणारीला चेटकीण करून गोष्टीतच पुरली.

लेखिकाबाईंची मुलाखत शोधून वाचली. प्रेरणा काय, या प्रश्नाला उत्तर होतं, 'ही माझ्या मराठवाड्याच्या मातीची देणगी. लहानपणी सुट्टीत मामाच्या गावी कानांवर पडलेल्या लोककथा.' पुढे गावाचं नावही दिलं होतं, साखरा. मातीचे आभार मानणं किती सोयीचं! माती उठून विचारत नाही की बाई, माझं नाव कुठं आहे? आणि 'लोककथा' हा तर त्याहून पक्का डाव. शिकलेल्या माणसानं रचलं की ती कलाकृती. टोपलीवालीनं रचलं की ती लोकांची, म्हणजे कोणाचीच नाही, म्हणजे ज्याला उचलता येईल त्याची.

आपानं तोवर फिरणं सोडलं होतं. गुडघे गेले होते. हिंगोलीत भाच्याच्या घरी, ओसरीवर बसून असायची. मी पुस्तक घेऊन गेले आणि रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवू लागले. मला वाटलं होतं ती पेटून उठेल. ती खूश झाली! "बराबर हाय. छापलं व्हय? पुढं?" घोडा आला तेव्हा पोट धरून हसली. "घोडा काहून? एका मानसाच्या दारातून घोडा जाईल व्हय?" सातव्या प्रकरणात मात्र लवंग चघळणं थांबलं. "ते डोळ्याचं पुन्यांदा वाच." मी वाचलं. शेवटचं पान संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आत कोन राहिलं?"

"म्हातारी."

"आन भाईरून कोनीच बांगडी फोडली न्हाई?"

"नाही."

मग तिनं जे सांगितलं ते शाळेच्या त्या भिंतीपाशी इतक्या वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. "माही बडी बहीन कळमनुरीला दिलती. सासरच्यानं कोंडलं तिला. अम्मी मला घेऊन गेली, मी लहान होते. दाराला भाईरून कडी. आतून ती दारावर हात आपटून राहिली, बांगड्या फुटून राहिल्या, आवाज येऊन राहिला. भाईर आमी इतके मानसं. कोनी कडी काढली न्हाई. अम्मीनं बी न्हाई. म्हने, त्यांच्या घरचा मामला हाय."

"मग?"

"मंग आवाज बंद झाला." तिनं माझ्या हातातल्या पुस्तकावर बोट ठेवलं. "म्हनून मी गोष्टीत दार उघडलं. न्हाईतर कशाला सांगत बसले असते? बांगड्या काय गोष्टीवाचून विकत न्हाईत?"

मी तिथल्या तिथं म्हणाले, आपा, मी पत्रक काढते, चोरी उघडी पाडते, तुझं नाव पुस्तकावर घ्यायला लावते. तिनं हात झटकला. "नाव घाल न्हाईतर नको घालू. पन त्या म्हातारीला भाईर काढ म्हनावं तिला. दार उघड म्हनावं. एवढ्या पोरी वाचतेत."

लेखिकाबाई हिंगोलीत एका शाळेच्या सभागृहात मुलींशी गप्पा मारायला आल्या, तेव्हा मी आपाला रिक्षात घालून नेलं. माझ्या पिशवीत पत्रकं होती. आपाच्या हातात पुस्तकाची विकत घेतलेली प्रत आणि बांगड्यांचा डबा होता. सही घ्यायला मुलींची रांग लागलेली. आपा रांगेत उभी राहिली, कोणाचं न ऐकता, भिंत धरून. नंबर आला तेव्हा बाईंनी मान वर न करता पेन उचललं. "काय नाव लिहू, आजी?"

"इतके उन्हाळे हात धरला तुहा, नाव इचारलं न्हाईस," आपा म्हणाली. "आज इचारून राहिली. लिही. जैतूनबी."

नाव लिहून बाईंनी वर बघितलं. ओळख पटली, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. "अगंबाई, आपा! साखऱ्याच्या आपा!" त्यांनी प्रेमानं हात पुढे केला. आपानं तो धरला, उलटा केला आणि डब्यातली हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत चढवून तिथंच थांबवली. "हलू नको. काच हाय. तवाही हात कडक धरायचीस." आणि रांगेतल्या पोरींकडे वळून तिनं गोष्ट सांगितली. सगळी नाही, फक्त शेवट. नूरी आत, हात मोकळे, बाहेरच्या पोरी भिंतीवर बांगड्या फोडताहेत.

संयोजक धावत आले. "आजी, बाकीच्यांना वेळ द्या."

"तिचा हात मोकळा झाला का देते." मग बाईंकडे बघत, डोळ्यांत, "त्या म्हातारीला काहून कोंडलीस?"

"आपा, ते काल्पनिक आहे हो."

"व्हय. पन कल्पना माही हाय."

"गोष्टीला कुणीतरी वाईट लागतं ना. मुलांना कळायला हवं, भीती कुणाची..."

"भीती माही?" आपाचा आवाज चढला नाही. "हात माह्या मांडीवर ठिवून झोपायचीस तू, पोरी. दार उघड."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं होतं की खोटं, मला माहीत नाही आणि मला त्याची पर्वा नाही. "पुढच्या आवृत्तीत नक्की करते," त्या म्हणाल्या. आपानं बांगडी मनगटावर सरकवली आणि म्हणाली, "शब्द दिलास." पत्रकं वाटायला तिनं मला मनाई केली. शब्द दिलेल्या माणसावर पत्रक काढत नसतात, म्हणे.

दुसरी आवृत्ती आली. मुखपृष्ठावर 'वाचकांच्या आग्रहास्तव'. मी आधी शेवट उघडला. म्हातारी आतच होती. मग पहिली पानं चाळली. अर्पणपत्रिका नवी होती. 'मराठवाड्यातल्या त्या अनाम स्त्रियांना, ज्यांनी मला गोष्टी दिल्या.' अनाम! आपानं समोर उभं राहून नाव सांगितलं होतं. बाईंनी सही करताना ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

आपा तेव्हा खाटेवर होती. श्वास लागायचा. भाच्यानं मला दाराशीच गाठून सांगितलं, "उघडलं म्हणून सांगून टाका ना, ताई. काय बिघडतं?" माझ्यानं ते झालं नाही. तिला कोणीतरी खरं वाचून दाखवायला हवं होतं. "बंदच आहे," मी म्हणाले. आपानं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी संतापून बडबडायला लागले, आता बघ, असं पत्रक काढते की जिल्हाभर लावते, बसस्टँडवर लावते, त्या शाळेच्या फाटकावर लावते.

"पत्रक भितीवर चिटकतं, बाई," ती डोळे न उघडता म्हणाली. "भितीला दार न्हाई पाडत. गोष्ट लिही. आन मला गोड करू नको त्यात."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. साखऱ्याहून दोन टेम्पो भरून बाया आल्या. ज्यांना तिनं चारचौघींत झापलं होतं त्याही आल्या. भाच्याच्या अंगणात बसून रडता रडता एकमेकींना तिच्या शिव्या सांगत होत्या.

परवा लेखिकाबाईंचा फोन आला. बातमी त्यांना उशिरा कळली होती. आवाज भरून आला होता. "मला आपांवर लिहायचंय गं. रविवारच्या पुरवणीसाठी. फार जवळच्या होत्या माझ्या. एखादा फोटो आहे का तुझ्याकडे? आणि नाव काय त्यांचं, जैनबी ना?"

मी म्हणाले, "फोटो आहे. आधी दार उघडा, मग देते."

अगदी खरोखरच्या आश्चर्यानं त्यांनी विचारलं, "कुठलं दार?"

मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. त्यांच्या लेखाआधी हे छापून यावं म्हणून घाई केली आहे, त्यामुळे काही राहून गेलं असेल. नूरीची गोष्ट मी सावकाश, तिच्या शेवटासकट, वेगळी लिहीन. आज एवढंच नोंदवून ठेवते. जैतूनबी मन्यार, राहणार हिंगोली. व्यवसाय बांगड्या भरणे. लेखिका.