ओवीचं ताट आणि बफेची धास्ती

फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या कशा साठतात, कुणी मुद्दाम ठेवत नाही, तसे काळजी करणाऱ्या बाईकडे किस्से साठतात. माझं दार तर आता लागतच नाही!

माझी लेक ओवी चार वर्षांची. तिला शेंगदाणा चालत नाही. एकदा चिक्कीचा तुकडा खाल्ला आणि ओठ असे सुजले की वारूळवाडीहून नारायणगावच्या दवाखान्यापर्यंत मी श्वासच घेतला नसेल. आणि आमच्याकडे तर कूट नसलेली भाजी म्हणजे आजाऱ्याची भाजी! सासूबाईंचं मत ठाम : "दान्याची कसली आलीय ॲलर्जी? आमी शेतात शेंगा उपटून उपटून खाल्ल्या!"

त्यात प्रसादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हायवेवरच्या नव्या जपानी-चायनीज बफेचं वेड लागलं.

*

पहिल्याच दिवशी मी वेटरला विचारलं, "यात दाणे आहेत?" मग "तेल कुठलं?" मग "चमचा सगळ्यांत तोच फिरवता का?" मग सरळ किचनच्या दारात जाऊन उभी राहिले.

मॅनेजर धावत आला. प्रसादला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, मॅडम फूड इन्स्पेक्टर आहेत का?"

"नाही हो," प्रसाद म्हणाला, "आई आहे."

*

दुसऱ्या वेळी निरगुडसरहून सासू-सासरे आले. सगळे उठून ताटं भरायला लागले, आबा, म्हणजे सासरे, मात्र मांडी ठोकून जागेवरच.

"वाढायला कवा येनार?"

"आबा, इथं आपलं आपण घ्यायचं."

"पावन्यानं उठून घ्यायचं? मंग बोलावलं कशाला?"

गावातल्या प्रत्येक पंगतीत वाढपी म्हणून आबा पुढे. त्यांना हे बघवेना. मी ओवीचे हात धुऊन येते तर आबा मंचुरियनचा अख्खा ट्रे घेऊन टेबलाटेबलावर! "घ्या हो पावनं, लाजू नका! ताई, तुमचं ताट मोकळं कसं?" पारगावची एक फॅमिली तर पोट धरून नको नको म्हणत होती.

मला वाटलं, आता हाकलणार आपल्याला. मॅनेजर आलाच. म्हणाला, "काका रविवारी मोकळे असतात का?"

*

सुशी बघून सासूबाई म्हणाल्या, "गार भात? फोडनी तरी द्यायची व्हती."

मी हसणार, तेवढ्यात ओवीच्या ताटातल्या सुशीवर काहीतरी भुरभुरलेलं दिसलं. कूट! मी किंचाळून ताट ओढलं. सुशी उडाली ती थेट शेजारच्या काकांच्या सूपमध्ये.

ओवी शांतपणे म्हणाली, "आई, तीळ आहेत. संक्रांतीचे."

*

आणि परवा. प्रसादचा वाढदिवस नेमका संकष्टीला आला. सासूबाई कडक उपवासाच्या. चंद्र बघितल्याशिवाय पाण्याखेरीज काही नाही. "मी नुसती बसते," म्हणून आल्या.

ओवीनं नूडल्स घेतल्या. मी वेटरला विचारलं, तो म्हणाला, "बहुतेक नसतील दाणे." बहुतेक! आचाऱ्याला बाहेर बोलावलं. त्यानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, दाणे नाहीत, दाण्याचं तेलही नाही, किचनमध्ये दाणा येतच नाही. पटत होतं, पण ताट काही माझ्या हातून सुटेना. ओवी रडायला लागली. आजूबाजूचे मान वळवून बघायला लागले.

"अगं दे की तिला, स्वाती," प्रसाद म्हणाला.

"देते," मी म्हणाले, आणि ताट आणखी घट्ट धरलं.

सासूबाईंनी हात लांब करून ताट माझ्याकडून काढून घेतलं. नूडल्सचा मोठा घास तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला, गिळला. थोडं थांबल्या. मग ताट ओवीपुढं सरकवलं.

"न्हाई दाना. खा बाय."

प्रसादचा चमचा हवेतच. "आई! आज संकष्टी ना?"

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तू गप जेव. स्वाती, पोरगी त्ये लाल काय मागती, त्ये पन आन हिकडं आदी."