व्याह्यांची वरात आणि माझी तिसरी ओळ

सगळ्या नाशिक जिल्ह्याला रोज जेवढी काळजी लागते तेवढी आमचे व्याही एकटे करतात, आणि तरी संध्याकाळी त्यांच्याकडे थोडी उरते. हे माझ्या लेकीचे सासरे. सगळी नोकरी इगतपुरीला रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनीत झाली, आता नाशिकरोडला राहतात. केबिनीत ऐकलेलं मोठ्याने परत सांगायची शिस्त असते, ती त्यांनी घरी आणली. गॅसचं बटण फिरवलं की "बंद!" म्हणून ओरडायचं आणि विहीणबाईंनी आतून "बंद!" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. एकदा दोघं आमच्याकडे पंचवटीला जेवायला निघाले आणि विहीणबाईंचं "बंद" ऐकलं की नाही ते ह्यांना बसमध्ये आठवेना. अर्ध्या वाटेत द्वारका चौकात उतरून परत घरी गेले. इकडे पानं वाढलेली, आमटी गार. आल्यावर मी तोंड सोडलं, तर व्याही शांतपणे म्हणाले, "व्याहीबुवा, आमटी परत तापवता येते. घर परत बांधायला तुम्ही येणार का?" मी जन्मभर गवंडीकाम केलं. उठलो आणि आमटी परत तापत ठेवली.

अशा माणसाने लग्नाच्या टेपची डिस्क घरच्या घरी करायची ठरवली. मुलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि टेप एकच, तीही त्यांच्या कपाटात, कापडात गुंडाळलेली. दुकानात द्यायचं नाव काढलं की चेहरा उतरायचा. "आणि तिथे हरवली म्हणजे?" मग जुना कॉम्प्युटर घेतला, एका शूटिंगवाल्याकडून व्हीसीआर मागून आणला आणि दुकानदाराला विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढले. राइट मारताना, म्हणजे टेप डिस्कवर उतरवताना, डिस्क तापते का? मध्येच लाइट गेली तर झालेलं तेवढं राहतं का? चुकलं तर टेपला धक्का लागतो का? दुकानदार म्हणाला, "काका, टेपला काही होत नाही." "काही होत नाही," व्याह्यांनी परत म्हटलं, वहीत लिहिलं आणि त्याच्यासमोर वही धरली. "सही करा."

आता माझं सांगतो. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण लेकीच्या लग्नात मंगलाष्टक मी स्वतः रचलं, स्वतःच्या हाताने लिहिलं आणि माइकसमोर उभा राहिलो. दोन ओळी झाल्या. तिसरीला अडलो. मागून कोणीतरी बोललं, "दुसऱ्याकडून लिहून आणलंय, वाचता येईना." भटजींनी पुढचं उचललं, मी कागद खिशात घालून खाली उतरलो. पुढे व्याह्यांकडे ती टेप लागली की मी चपला घालून बाहेर पडायचो. व्हीसीआर बंद पडला तेव्हा एकट्या मलाच बरं वाटलं. आणि आता हे गृहस्थ तीच टेप नव्याने उठवून दोन्ही घरांसमोर, नातवंडांसमोर लावणार! माझी झोप उडाली. रोज बस धरून नाशिकरोडला जायला लागलो. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला शिकायची हौस. हौस कसली! पण "तेवढं काढून टाका" असं मी तोंडाने म्हणणार? मेलो तरी नाही.

व्याह्यांनी सगळं काम रेल्वेच्या रिवाजाने बसवलं होतं. टेप कॉम्प्युटरमध्ये घेणं म्हणजे गाडी घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्याला उभी करणं. मग प्लेअरला कळेल असं तिचं रूप बदलायचं, त्याला एन्कोडिंग म्हणतात, तो घाट. डिस्क तयार झाली की इगतपुरी. पडद्यावर बारा टक्के दिसले की म्हणायचे, "पहिला बोगदा." राइट चालू असताना दाराला लाल फडकं, पंखा बंद, चालायचं ते अनवाणी, शिंक आली तर अंगणात. विहीणबाई कुकरपाशी ताटकळत. "अहो, शिट्टी होऊ द्यायची की नको?"

"गाडी सेक्शनमध्ये आहे!"

"मग जेवायला गाडीच खा!"

मी म्हटलं, "व्याहीबुवा, आम्ही स्लॅब टाकतानासुद्धा लोक बोलायचे." तर मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

पहिली डिस्क प्लेअरने घेतलीच नाही, नुसती फाइल उतरली होती म्हणे. दुसरी झाली तेव्हा विहीणबाईंनी हौसेने हळदकुंकू वाहिलं, पण चकाकणाऱ्या बाजूला. "तोंड तेच ना तिचं?" पुसता पुसता तिला चरे पडले. व्याही दोन घास कमी जेवले, मी दोन जास्त. तिसरी लागली, पण सगळा मांडव धुक्यात. दुकानदार म्हणाला, तीन तासांची टेप कोंबलीत, दोन तासच नीट मावतात. दोन डिस्क करा म्हणावं तर व्याही म्हणाले, "दोन केल्या की एक हरवते." म्हणजे एक तास कापायचा. माझ्या जिवात जीव आला. मी सहज बोलल्यासारखं बोललो, "मंगलाष्टकं फार लांबतात हो." त्यांनी वहीत लिहिलं, "मंगलाष्टकं, लांब." वरात तर ते कापणार नव्हतेच. फेटा बांधून बँडपुढे तासभर नाचले होते. आयुष्यात तेवढा एकच तास त्यांनी काळजी केली नाही, आणि पंचवीस वर्षं ते आम्हाला त्याचंच वर्णन ऐकवत आलेत.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा दिवस आला. मी दाराशी बसलो, चपला पायाजवळ. डिस्क लागली, आणि वरात आलीच नाही. सीमांतपूजन झालं, थेट अंतरपाट, आणि माइकसमोर मी. दोन ओळी. मग मी गप्प. मी पडद्याकडे बघितलंच नाही, खोलीतली तोंडं बघत होतो, कोण हसतंय म्हणून. एक पाय चपलेत गेला होता.

लेक म्हणाली, "अण्णा, बाहेर नाही जायचं. बघा तरी. कागदाकडे कुठे बघताय तुम्ही? माझ्याकडे बघताय."

बघितलं. कागद खाली गेलेला, नजर अंतरपाटावरून पलीकडे. खरंच.

नात म्हणाली, "आजोबा, तिसरी ओळ काय होती?" म्हणून दाखवली. कागद लागला नाही.

नंतर व्याह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "वरात कुठे गेली?"

"तुम्हीच म्हणालात ना, मंगलाष्टकं लांब आहेत? मग जागा करावी लागली." आणि डिस्क डबीत घालता घालता, "वरात काय, सगळ्यांच्याच लग्नात असते."

ती डिस्क त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली, गवंड्याचं घर पक्कं म्हणून. आता नव्या कॉम्प्युटरला डिस्क घालायची फटच नसते. आमचा प्लेअरही खरखरतो, किती दिवस चालेल सांगता येत नाही. रोज सकाळी आठला व्याह्यांचा फोन येतो. "डिस्क?" मी म्हणतो, "जागेवर." ते परत म्हणतात, "जागेवर," आणि ठेवतात. परवा नऊ वाजले तरी फोन नाही. साडेनऊला आला, विहीणबाई म्हणाल्या, डोळा लागला होता त्यांचा. तोवर मी चपला घालून बसस्टॉपवर उभा होतो.