आयर्लंडच्या मंत्र्यांना कुणी विचारलं का?

संध्याकाळचे सात वाजले की न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या टाकानिनीतल्या आमच्या घरात वरणाला फोडणी बसते आणि तिकडे लंडनचा शेअर बाजार उघडतो. इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमाराला, दोन्ही अगदी एकाच वेळी होतं. गेल्या हिवाळ्यात त्या वेळेला मी आणि माझ्या सासूबाई डायनिंग टेबलाशी फोन मधोमध ठेवून असे काही बसायचो की बायको म्हणायची, थांबा, दोघांचं बीपी बघते. ती हॉस्पिटलात नर्स आहे, त्यामुळे ही नुसती धमकी नसायची.

मी चिडका माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. पुण्याचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि हळू चालणारी कुठलीही गोष्ट माझ्या डोक्यात जाते. अशा माणसाने आयर्लंडच्या समुद्रातल्या गॅसवर डोळा ठेवून बसलेल्या एका पिटुकल्या कंपनीचे शेअर घ्यावेत, याला अक्कल म्हणत नाहीत. इथल्याच हिल्सबरो भागातल्या एका मित्राने सांगितलं आणि मी घेतले. गॅस सापडलेला होता. तो काढायला तिथल्या मंत्र्यांची परवानगी हवी होती, बस्स. आता आयर्लंडने समुद्रात गॅस शोधायचे नवे परवाने देणं बंद केलंय, पण ज्यांच्याकडे जुने आहेत त्यांना पुढे जाता येतं, मंत्री हो म्हणाले तर. मंत्री हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते. अर्ज विचाराधीन होता, आणि तो शब्द वाचून वाचून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सासूबाई आमच्याकडे फेब्रुवारीत आल्या. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच होत्या आणि बायकोला ते बघवत नव्हतं. परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं. बायकोचं एकच टुमणं होतं, की आई, ते तिकीट रद्द करू, लांब मुदतीच्या व्हिसाचा अर्ज करू, तू आता इथेच राहा. अर्ज तिने भरूनही ठेवला होता, फक्त सही बाकी होती. सासूबाई दर वेळी म्हणायच्या, "बघू." या एका शब्दावर बायको दोनदा गराजमध्ये जाऊन रडली आहे. तिला आई हवी होती, आई हातातून निसटत होती, आणि ऑगस्ट काही थांबणार नव्हता.

माझं आणि सासूबाईंचं म्हणाल, तर भांडण कधीच नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. त्या मला अहो-जाहो करायच्या, मी त्यांना. चहा ठेवू का, हीट पंप बंद करू का, आज वारा फार आहे, इतक्यावर आमचे महिने निघाले होते. मला वाटायचं, यांना मी शिष्ट वाटतो. वाटत असेन तर चूक त्यांची नव्हती.

मग मे महिन्यात एका संध्याकाळी शेअर धाडकन पडला आणि मी फोनवर ओरडलो. माणसावर नाही, फोनवरच. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला आणि काय झालं ते विचारलं. मी तुटकपणे सांगितलं, दोन वाक्यांत, जसं आपण ज्याला कळणार नाही अशा माणसाला सांगतो. त्यांनी शांतपणे विचारलं की अर्जावर लेखी उत्तर द्यायला काही मुदत आहे का. नाही, मी म्हटलं. "मग ते देणारच नाहीत," त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं. हो म्हटलं तर जबाबदारी घ्यावी लागते. फाईल ठेवून दिली की दोन्हीतून सुटका."

नंतर कळलं की त्या ठाण्याला सोसायटीच्या बरीच वर्षं सेक्रेटरी होत्या आणि गच्चीवरच्या टाकीची परवानगी, लिफ्टची परवानगी, रंगाची परवानगी, सगळी त्यांनी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून आणली होती. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली आणि मला याचा पत्ताच नाही. त्या रात्री पोळ्या करपल्या आणि कुणाचंही लक्ष गेलं नाही.

तिथून जे सुरू झालं त्याला वेड म्हणतात. छोट्या गुंतवणूकदारांची एक वेबसाइट आहे. माझ्यासारखे शे-दोनशे हौशी तिथे दिवसभर त्या एकाच कंपनीबद्दल लिहीत बसतात. मी ती चोरून वाचायचो, सासूबाईंनी ती उघडपणे वाचायला घेतली. चार दिवसांत सगळी मंडळी त्यांना घरच्यासारखी माहीत झाली. एक कॉर्कचे निवृत्त बसचालक होते, ते आपलं वाढलेलं वीजबिल रोज सगळ्यांना सांगायचे. एक स्कॉटिश गृहस्थ सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचे, म्हणजे ओरडायचेच. एक इंग्लिश आजोबा दर सोमवारी लिहायचे की या आठवड्यात परवानगी नक्की. सासूबाई म्हणाल्या, आमच्या सोसायटीत तळमजल्यावर हे तिघेही आहेत.

सगळ्यांचा सूर असा की नुसत्या पवनचक्क्यांवर देश कसा चालेल, वारा पडला की काय करणार, गॅस ब्रिटनहून पाइपने आणायचाच आहे तर आपल्या समुद्रातला काय वाईट. डेटा सेंटरं वीज खातात आणि बिल आम्ही भरतो. त्यात एकच बाई विरुद्ध बाजूची होती. ती लिहायची की नवा गॅस काढायला घेतला की तो पुढची कित्येक वर्षं जाळावा लागतो, मग हवामानाची वचनं कशाला दिली. सगळे तिच्यावर तुटून पडायचे. आमच्या घरातही एक तिच्या बाजूची होतीच. आमची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती जाता जाता आपल्या इंग्रजीत म्हणाली की आजी, हे प्लॅनेटसाठी हीप्स बॅड, म्हणजे फारच वाईट आहे. आजीने तिला जवळ बसवून घेतलं. त्या म्हणाल्या की तुझं बरोबरही असेल, पण मग मंत्र्यांनी तसं सांगावं, लोकांना टांगून का ठेवावं. मुलगी विचारात पडली आणि मग चक्क मराठीत म्हणाली, "हे फेअर आहे." फेअर मराठी नसेल, पण बाकीचं होतं.

आणि मग सासूबाईंनी स्वतः लिहिलं. आमच्याकडे, म्हणजे न्यूझीलंडात, समुद्रात नवा गॅस शोधायला बंदी घातली होती. सरकार बदललं, हिवाळ्यात विजेचे भाव कडाडले, आणि बंदी उठली. सासूबाईंनी हेच लिहिलं, ठाण्याच्या शाळेतल्या नेटक्या इंग्रजीत, की मी न्यूझीलंडहून लिहिते आहे, इथे असं झालं, धीर धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्याखाली पन्नासेक उत्तरं! बसचालकांनी लिहिलं की न्यूझीलंडच्या बाई, तुम्ही आमचा जीव भांड्यात पाडलात. स्कॉटिश गृहस्थांनी पहिल्यांदाच लहान अक्षरांत आभार मानले. मी ऑफिसला निघालो होतो, पायात एकच बूट, आणि मी जोरजोरात वाचून दाखवत होतो. सासूबाई लाजत होत्या पण सारख्या म्हणत होत्या, पुढचं वाचा, पुढचं वाचा.

शुक्रवारी सुट्टी आली आणि लाँग वीकेंडला टौरंगा या समुद्रकाठच्या शहरात गेलो, तेव्हाही तेच. बायकोला समुद्र दाखवायचा होता. त्याच संध्याकाळी सातच्या ठोक्याला आम्ही दोघं फिश अँड चिप्सचा पुडा मांडीवर घेऊन गाडीत बसलो होतो, काचा वाफेने धूसर, आणि शेअर चढत होता. त्या दिवशी खरंच चढत होता. "जावईबापू, चिप्स सांडताय," त्या म्हणाल्या. जावईबापू! इतक्या वर्षांत ही हाक पहिल्यांदा आली. मी इतका खूश झालो की आणखी सांडल्या. बायको बाहेर थंडीत उभी राहून काचेवर टकटक करत होती. रविवारी परतताना मागच्या सीटवरून तिने पुन्हा तो विषय काढला, की आई, बघ ना किती छान चाललंय, राहा ना. मी आरशात बघितलं. सासूबाई बाहेर किवीच्या बागांकडे बघत म्हणाल्या, "बघू." माझा सगळा आनंद मावळला. मला राग आला, खरा राग, पण मी मूग गिळून गाडी चालवत राहिलो.

जुलैत कंपनीची वार्षिक सभा झाली, ऑनलाइन. तिथली सकाळ म्हणजे आमची जेवणं आटोपल्यानंतरची वेळ. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, केस नीट बांधून लॅपटॉपसमोर येऊन बसल्या. सभेला आपण असंच जातो, त्या म्हणाल्या. मी पायजम्यात होतो, मला शर्ट घालून यायला लावलं. अध्यक्ष बराच वेळ बोलले. अर्ज परिपूर्ण आहे, खात्याशी पत्रव्यवहार चालू आहे, सल्लागार नेमले आहेत. मग भागधारकांचे प्रश्न सुरू झाले आणि आमच्या स्क्रीनवर माइकचं चिन्ह हिरवं झालं. शेअर माझ्या नावावर होते, पण हात वर करण्याचं बटण त्यांनी दाबलं होतं. सासूबाईंचा आवाज जराही हलला नाही. त्यांनी विचारलं ते मी मराठीत सांगतो.

"अर्ज पाठवलात, पत्रं पाठवलीत, माणसं पाठवलीत, हे कळलं. पण तुमच्यापैकी कुणी स्वतः मंत्र्यांसमोर बसून तोंडाने विचारलं आहे का?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग ते म्हणाले की, प्रामाणिकपणे सांगायचं तर, नाही, तसं कुणी विचारलेलं नाही. विचारायला जातो, असंही म्हणाले. वेबसाइटवर नुसता दंगा! स्कॉटिश गृहस्थ पुन्हा मोठ्या अक्षरांत, पण या वेळी आनंदाने. मी टाळ्या वाजवत घरभर नाचलो. बायकोने आईला मिठी मारली. आजी, यू आर सो कूल, असं मुलगी म्हणाली आणि आजीने पदराने कपाळ पुसलं.

अध्यक्ष खरंच मंत्र्यांना भेटायला गेले. आणि ऑगस्ट लागल्या लागल्या एका सकाळी, तिकडे संध्याकाळ असताना, बातमी आली. मंत्र्यांनी परवानगी नाकारली होती. कारणांसकट, लेखी. म्हणजे आमच्या संध्याकाळी सातला बाजार उघडला की शेअरचं काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी फोन टेबलावर आपटला. आमच्याकडे सरकार बदललं की बंदी उठते, म्हणून तिकडेही उठेल, हे आपण कुठल्या आधारावर धरून चाललो होतो, असं मी स्वतःलाच विचारत होतो, आणि मोठ्याने विचारत होतो.

सासूबाई चहा गाळत होत्या. चेहरा अगदी प्रसन्न. त्या म्हणाल्या, "चला, उत्तर तरी मिळालं. समोर जाऊन विचारलं म्हणून मिळालं."

आणि माझं डोकं सटकलं. जे महिनोन्‌महिने गिळलं होतं ते बाहेर पडलं. मी म्हटलं, "आई, त्या मंत्र्यांना नावं ठेवायची आपल्याला सोय नाही. तुमची मुलगी फेब्रुवारीपासून विचारते आहे. तुम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. दहा दिवसांवर तिकीट आलं. तुम्हीही फाईल ठेवूनच दिली आहे."

बोललो, आणि मग कळलं काय बोललो ते. सासूला कुणी असं बोलतं का! बायको रात्रपाळी करून नुकतीच आली होती, ती गणवेशातच दारात उभी राहिली.

सासूबाईंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. आवाज चढवला नाही.

"मुलगी विचारते ते मुलीचं झालं. तिने विचारायलाच हवं. पण मी राहणार ते जावयाच्या घरात. तुम्ही कधी विचारलंत?"

त्यांच्या खोलीत हीटर मी आणला होता. त्यांची पाठ दुखते म्हणून खुर्ची मी आणली होती. व्हिसाची फी, डॉक्टरची चौकशी, सगळं मी बघितलं होतं. बायकोला मी दहा वेळा म्हटलं होतं, सांग ना तुझ्या आईला. सांग ना. स्वतः एकदाही नाही. मला वाटलं, बायको विचारते त्यात मी आलोच. ठाण्याच्या एका बाईला, जिच्या सगळ्या ओळखीपाळखीत मुलीकडे जाऊन राहणं म्हणजे संकोचाची गोष्ट, तिला जावयाने न विचारता इथे राहायला कसं वाटेल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. त्या थांबल्या होत्या, आणि फाईल माझ्या टेबलावर होती.

मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलो. मी म्हटलं, "आई, तुम्ही इथे राहा. हिच्यासाठी नाही, म्हणजे हिच्यासाठी आहेच, पण मला हव्या आहात. सात वाजता मी एकटा काय करू?"

बायको दारातच रडायला लागली होती. मग सासूबाईंनी साडीला हात पुसले आणि फ्रिजवरचा चष्मा घेतला.

"सही कुठे करायची ते दाखवा," त्या म्हणाल्या. "आणि ते शेअर विकू नका इतक्यात. मंत्र्यांनी कारणं काय दिलीत ते आधी नीट वाचू."