समिती अवगत झाली

केंद्रप्रमुख म्हणून माझ्या वाट्याला जी कामं येतात, त्यांत एक काम असं आहे: शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना त्यांची कर्तव्ये व बदललेले नियम वेळोवेळी अवगत करून देणे. 'अवगत' हा शब्द या खुर्चीत बसेपर्यंत मी कधी तोंडाने उच्चारला नव्हता. आता जेवताना मीठ कमी आहे हेसुद्धा मी घरच्यांना अवगत करून देते. लोणावळ्यापासून कार्ल्यापर्यंतच्या पट्ट्यातल्या शाळा माझ्याकडे आहेत. काही औंढ्याच्या अंगाला, काही हायवेच्या कडेला, आणि प्रत्येक शाळेला पालकांची एक समिती. शाळा कशी चालावी यात आईबापांचं म्हणणं असलंच पाहिजे, असा कायदा आहे. कायदा फार चांगला आहे. फक्त तो आईबापांना कुणीतरी सांगावा लागतो, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

आता हे काम मोबाईलवर होतं. वरून परिपत्रक येतं, मी ते समितीच्या गटावर ढकलते, त्याखाली चार नमस्कार येतात आणि एक सदस्य गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ पाठवतो, मग वेळ दुपारची का असेना. परिपत्रक कुणी उघडत नाही. 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये' या शब्दांच्या पुढे जायला मलाच दोनदा चहा लागतो, तर दिवसभर खाचरात वाकून आलेल्या माणसाला काय बोलणार? पण सर्व सदस्य अवगत झाले असं वर कळवावं लागतं आणि मी ते कळवते. त्यात खोटं काही नसतं. फोन सगळ्यांचे वाजलेले असतात.

प्रत्यक्ष बैठक घ्यावी तर वेगळंच संकट. आमच्या मावळात कुणी शाळेत आलं की त्याचा सत्कार करतात. आधी खुर्ची, मग पाणी, मग शाल, नारळ, फूल. पाहुण्याचा झाला की अध्यक्षांचा, अध्यक्षांचा झाला की सरपंचांचा, आणि मग ज्यांनी सत्कार केले त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांचाही. सगळे सत्कार आटोपून मी 'तर समितीची कर्तव्ये अशी' म्हणून घसा खाकरते, तोवर चहा आलेला असतो. चहा आला की बैठक संपली, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

ज्या शाळेची ही गोष्ट आहे ती कार्ल्याच्या खालच्या अंगाला, भातखाचरांच्या मधल्या एका वस्तीवर आहे. दोन खोल्या, एक गुरुजी, चौथीपर्यंतचे वर्ग, आणि मुलं इतकी थोडी की हजेरी घ्यायची गरजच नाही, नजर फिरवली तरी भागतं. समितीचे अध्यक्ष म्हणजे आबा. गावातलं मोठं शेतकरी घर, नातू चौथीत. माणूस दिलदार, कुणाला रिकाम्या हाताने पाठवणार नाही आणि कुणाला तोंडावर नाही म्हणणार नाही. सत्काराचं सामान त्यांच्याच घरी असायचं. शाली तर त्यांनी आणून ठेवलेल्याच असत, जशी आपण घरात काडेपेटी ठेवतो.

दुसरी एक सदस्य होती. तिचं नाव मी सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर ती झाडलोट आणि स्वयंपाक करते. सकाळी लवकर शेअर रिक्षाने निघते. नवरा तळेगावला कंपनीत पाळीवर. मुलगी दुसरीत. सकाळी आई गेली की ही पोर स्वतःची वेणी स्वतः घालून, म्हणजे घातल्यासारखी करून, बांधावरून चालत शाळेत येते. घरातून शाळेचं छप्पर दिसतं. आईला तेवढाच धीर.

मागच्या हिवाळ्यात नवा बदल आला. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या. मोठी शाळा खरोखर मोठी होती. तिथे संगणक होते, मैदान होतं, वर्गाला शिक्षक होते. मी स्वतः पालक असते तर कदाचित हरखून गेले असते. फक्त ती हायवेच्या पलीकडे होती. मुलांसाठी वाहनाची सोय 'करण्यात येईल' असं लिहिलं होतं. एवढी वर्षं सरकारी नोकरी केल्यावर मला एक कळलंय, जे काम कुणीच करणार नसतं ते 'करण्यात येतं'.

मात्र त्याच आदेशात असंही होतं की समितीचं मत घ्यावं. मी तालुक्याला आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "घ्या की मॅडम. समितीला अवगत करा. पण फार खोलात जाऊ नका, उगाच लोक गोंधळतात."

मी गेले आणि खोलात गेले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी बहुधा आबांकडचे नारळ संपले होते आणि मला बोलायला वेळ मिळाला, हेही एक कारण असावं. मी सांगितलं की शाळा इथून हलवायची असं चाललंय, समितीला पटत नसेल तर तसा ठराव करता येतो आणि तो वर पाठवावाच लागतो, आणि साहेबही शाळा बघायला येणार आहेत.

आधी सगळ्यांनी आबांकडे बघितलं. मग ती बंगल्यावर कामाला जाणारी म्हणाली, "आमी न्हाई म्हणलो तर ऐकत्यात?"

"ऐकतीलच असं नाही. पण नाही म्हटल्याशिवाय तर नक्कीच ऐकणार नाहीत."

"माझी पोर हायवे कशी वलांडणार? मी तर तवा रिक्षात. शाळा तिकडं गेली तर तिला वडिवळ्याला माझ्या आयकडं ठेवावी लागंल." मग आबांकडे वळून, "आबा, आपण न्हाई म्हणू."

"म्हणू की," आबा म्हणाले. "साहेब स्वतः येणार हायेत न्हवं? त्येंच्या तोंडावर म्हणू. आपल्याला काय भ्या हाय व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरी जाताना चक्क खूश होते. माझ्या नोकरीतली ही पहिली समिती, जी खरोखर अवगत झाली होती.

साहेब आले. आबांनी या वेळी कसूर ठेवली नव्हती. शाळेच्या दारात रांगोळी, मंडप, आणि साहेबांसाठी फेटा. फेटा बांधणारा माणूस खास कामशेतहून आणलेला. मुलींनी स्वागतगीत म्हटलं, आणि गीत संपल्यावर साहेबांना गुलाबाचं फूल दिलं ते कुणी, तर त्या दुसरीतल्या पोरीने. ती शाळेत सगळ्यांत धीट, म्हणून गुरुजींनी तिला निवडली होती. पोर मान वर करून साहेबांकडे बघून हसली. साहेबांनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, "वा, किती हुशार! अशा मुलांना मोठी शाळाच हवी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या आईने एक दिवसाची सुट्टी मागून घेतली होती आणि ती मागे बायकांत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढं मी पाहिलं.

मग आबा बोलायला उठले. मी पदराचं टोक घट्ट धरलं. आबांनी साहेबांचे आभार मानले. साहेबांनी वेळात वेळ काढला म्हणून मानले, साहेब साधे आहेत म्हणून मानले, साहेबांच्या मागच्या गाडीत ड्रायव्हर होता त्याचेही मानले. आणि शेवटी म्हणाले, "साहेब जे काय ठरवतील ते आमच्या भल्याचंच आसंल." पुन्हा टाळ्या. ती उठायला गेली तोच चहा आला.

साहेब गाडीत बसताना मला म्हणाले, "समितीचा काही विरोध दिसत नाही. छान काम केलंत तुम्ही." फेटा त्यांनी काढला नव्हता.

गाडी वळणाआड गेली आणि माझं डोकं सटकलं. मी आबांना म्हटलं, "आबा, हे काय केलंत? तुम्ही बोलणार होतात ना?"

आबांचं तोंड उतरलेलं होतं. "मॅडम, तुमीच सांगा, ज्याच्या डोक्याला आपुन फेटा बांधला त्यालाच न्हाई कसं म्हणायचं? त्यो पावना झाला की."

आणि ते अगदी मनापासून बोलत होते. मला रागही आला आणि हसूही. एवढे कायदे, एवढी परिपत्रकं, आणि त्या सगळ्यांवर बारा हात कापड भारी पडलं होतं. मला तर वाटतं, वरच्यांना हे केव्हाच ठाऊक झालेलं असावं, म्हणून ते कुठल्याही वाईट बातमीसाठी स्वतः येतात.

ती मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आबा, तुमच्या नातवाची यंदा चौथी हाय. त्यो असाबी जाणारच. माझीला आजून दोन वर्सं हायेत." एवढंच बोलली. आबा उरलेल्या शालींच्या घड्या घालू लागले. मग तिने मला विचारलं, "साहेब नसताना बैठक घेता येती का?"

येते. समिती स्वतःची बैठक स्वतः बोलावू शकते, पाहुणा लागतच नाही. मला हे पाठ होतं, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात बैठक झाली. आबांनी शाल आणली नाही, फूल आणलं नाही. मला तर बसायला खुर्चीसुद्धा कुणी दिली नाही, मुलांच्या सतरंजीवर बसवलं. कुणाचाच मान ठेवायचा नसल्यामुळे सगळे मोकळे बोलले. हायवेवर शनिवारी-रविवारी पर्यटकांच्या गाड्या कशा येतात ते बोलले, पावसात ओढ्याला पाणी आलं की काय होतं ते बोलले, आणि संगणकाचं काय, असं एकाने विचारल्यावर दुसरा म्हणाला की तिथपर्यंत पोर जिती पोचली तर संगणक. ठराव तिने मांडला. आबांनी हात वर केला, सगळ्यांच्या आधी. ठराव द्यायला ते स्वतः तालुक्याला गेले, आणि जाताना साहेबांसाठी नारळ घेऊन गेले. नकार तरी रिकाम्या हाताने कसा द्यायचा?

त्याचं उत्तर आलं ते मला. समितीच्या सदस्यांना विरोधाबाबत कोणी अवगत केले, याचा खुलासा सादर करावा. मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत एकटीच हसत सुटले. इतकी वर्षं मी कुणालाच काही अवगत न करता सुखाने नोकरी केली, तेव्हा कुणी विचारलं नाही. एकदाच काम खरं केलं, तर खुलासा. मी लिहून दिलं की ते माझ्या कर्तव्यांतच येतं, आणि खाली सही ठोकली. रात्री दोनदा उठून त्याची नक्कल वाचली, तेही खरंच आहे.

मग महिने गेले. वरून होकार नाही, नकार नाही. परीक्षा झाल्या, सुट्टी लागली. मी विचारलं की उत्तर एकच, विचाराधीन आहे.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी आदेश आला. शाळा जागच्या जागी राहणार, पुढील आदेशापर्यंत. तो मी गटावर टाकला नाही. ही बातमी फोनवर नमस्काराच्या ढिगात जायला नको होती. शाळा उघडण्याच्या सकाळी स्कूटर काढली आणि वस्तीवर गेले. तिचा चेहरा बघायचा होता मला.

ती शाळेच्या दारात उभी होती, कामाला निघायच्या साडीत, रिक्षा सोडून मुलांची रांग बघायला आलेली. मुलं रांगेत. मी रांगेवरून नजर फिरवली. दुसरीतली, म्हणजे आता तिसरीतली, ती पोर नव्हती.

"वडिवळ्याला ठेवली," ती म्हणाली. "दाखला काढला सुट्टीत. किती वाट बघायची मॅडम? तुमचं काय कळंना. तितल्या शाळंतल्या जागा भरल्या आन हितली बंद झाली म्हंजी पोर दोन्हीकडून जायाची." आणि म्हणाली, "रोज रातच्याला फोन करती. येनी आजी घट्ट घालती म्हणून रडती."

आदेश माझ्या पिशवीत होता. मी सांगितलं. तिने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. आबा मागून येऊन उभे राहिले. मला खूप वाईट वाटत होतं, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात कलम उभं राहिलं, कारण डोकं आता तसंच झालंय. समितीवर राहायचं तर मूल त्याच शाळेत असावं लागतं. दाखला काढला त्या दिवशी तिचं सदस्यत्व संपलं होतं. जिने शाळा वाचवली, तिला त्या शाळेत आता मत नव्हतं. आणि हे तिला सांगणं माझंच काम होतं.

सांगितलं. मान खाली घालून, अगदी परिपत्रकाच्या भाषेत सांगितलं, दुसरी भाषा सुचेचना.

तिने डोळे पुसले. "म्हंजी पोरीचं नाव परत हितं घातलं, की मी मेंबर व्हईन?"

"समितीने घेतलं तर."

तिने आबांकडे पाहिलं; नातवाचा दाखला त्यांनी अजून नेला नव्हता, त्यामुळे कागदावर अध्यक्ष तेच होते. आबा म्हणाले, "घेतलं."

तिने मोबाईल काढला, बंगल्यावर फोन लावला आणि सांगितलं की आज येत नाही. मग मला म्हणाली, "मॅडम, गाडीत पेट्रोल हाय का? वडिवळ्याला सोडा. साहेबांना दुसरं काय सुचायच्या आत तिचं नाव लावून टाकू."