बायनामावशीची सरासरी

हसनाबादच्या चॉकी केंद्रात रेशीमअळ्या कोवळ्या असेपर्यंत सांभाळतात आणि मग शेतकऱ्यांना देतात. धनगराची छकुली तिथं चार वर्षं तुतीचा पाला कापायची. संगणकाचा नाद लागल्यावर मालक अर्पितभाऊंनी सगळ्या गावांचा अहवाल तिच्याच गळ्यात घातला. पडद्यावरचे रंगीत खांब पाहून तिच्या बापानं विचारलं, "ह्यात आपली मेंढरं मोजता येतेत का?"

एक दिवस धावडा गावची बायनाबाई तणतणत आली. "पोरी, माझा नंबर शेवटी कामून लावला?"

अळ्या अंडीपुंजांवर, म्हणजे अंड्यांच्या झुबक्यांवर, मोजून देत. शंभर पुंजांमागे साठ किलोपेक्षा कमी कोष काढणाऱ्याला नव्या अळ्या शेवटी मिळत. अहवालात बायनाबाईचे पन्नास दिसत होते.

"तीनशे पुंज नेलते, दोनशे चाळीस किलो निघाले. दुसऱ्या बारीला पन्नासच नेलते, त्यात मुंग्या शिरल्या. दहा किलो आले. मंग पन्नास कुठून आणलं?"

छकुलीनं कागद ओढला. पहिल्या बारीचे शेकडा ऐंशी, दुसरीचे वीस, सरासरी पन्नास. पण सगळे मिळून साडेतीनशे पुंज आणि अडीचशे किलो. म्हणजे शेकडा एकाहत्तर! तिनं तक्त्याच्या ओळीओळीत भागाकार करून ठेवला होता आणि अहवाल त्या उत्तरांची सरासरी काढत होता. लहान बारीला मोठीइतकंच वजन मिळत होतं.

"मावशी, चूक माझी हाय," ती म्हणाली. तिनं तो भागाकाराचा रकाना काढून टाकला. आधी बेरजा, मग भागाकार, आणि तोही अहवाल उघडताना, असं लिहिलं. माणूस निवडा, गाव निवडा, महिना निवडा. उत्तर बराबर येऊ लागलं.

मग तिला जोरच चढला. सगळीच आकडेमोड, गावांच्या नावांतल्या चुका सुधारणंसुद्धा, तिनं अहवालात नेली.

"अगं, माझा चहा संपला तरी हे गोलच फिरून राह्यलंय!" अर्पितभाऊ ओरडले.

छकुलीला हसू आलं. गावाचं नाव कुणी काहीही विचारलं तरी तेच राहतं; ते नोंद येतानाच एकदा नीट करायचं. प्रश्नागणिक बदलणारं तेवढंच अहवालात ठेवायचं. तसं केल्यावर पडदा झटक्यात उघडला.

यादीत बायनाबाई वर सरकली, पण छकुलीचा सख्खा काका भिवा खाली आला. त्याच्या वीस पुंजांच्या चांगल्या बारीनं दोनशेच्या बारीतली तूट झाकली होती.

"घरच्याला ढकलतेस?"

"ढकललं न्हाई काका. चला, शेड दाखवा."

शेडमध्ये पाय टाकताच उकाड्यानं तिला घाम फुटला. अळ्यांना थंडी बाधेल या भीतीनं काकानं सगळ्या खिडक्यांना पोती ठोकली होती. दोघांनी मिळून ती उपटली.

पुढच्या बारीला भिवाचे किलो अठ्ठावन्नावर चढले. साठाला दोन कमीच, तरी त्यानं अख्ख्या केंद्रात पेढे वाटले.