माझ्या किडनीवरचा आळ

दादाला मी किडनी दिली तेव्हा पैठणला मागावर बसत होते. ऑपरेशननंतर बरेच महिने पोटाला ओढ बसायची, म्हणून विणकाम बंद. त्याचं मला काही वाटलं नाही. बजाजनगरच्या घराचा जिना दादा आपल्या पायानं चढत होता, एवढं मला पुरे होतं.

पावसाळा सरता सरता त्याला ताप आला. वहिनीनं जवळच्याच डॉक्टरांकडं नेलं. किडनी बदललीय हेही तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ताप म्हणजे ताप." त्यांनी टायफॉइड ठरवला, सलाईन लावलं आणि अंग दुखतं म्हणून वेदनाशामक इंजेक्शनही टोचलं. बदललेल्या किडनीला असली इंजेक्शनं घातक असतात, हे मला आता कळतं. त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांचं ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

ताप उतरेना, जुलाब लागले. दादा उठून बसेना, तेव्हा वहिनीचा फोन आला. मिळेल त्या एसटीनं मी निघाले आणि आम्ही त्याला जिथं किडनी बसवली त्या दवाखान्यात नेलं. आत्याही आली होती.

तपासणीत सीएमव्ही निघाला. हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. डॉक्टरांनी सांगितलं, "हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर गप पडून राहतो. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून आम्ही प्रतिकारशक्ती दाबतो, तेव्हा तो उठतो. कधी पेशंटच्याच अंगातला, कधी किडनीबरोबर आलेला."

आत्यानं शेवटचं तेवढं उचललं. बाहेर येताच म्हणाली, "म्हंजी तुझ्यातूनच आलं की! रोगट किडनी घातलीस माझ्या भाच्याच्या पोटात."

वहिनी खाली मान घालून उभी राहिली. ते मला जास्त लागलं.

मी आत्याचा हात धरला आणि तिला परत आत नेलं.

"डॉक्टर, हिच्यासमोर सांगा. हा विषाणू माझ्यात होता?"

"होता. ऑपरेशनआधीच तपासलं होतं."

"आणि दादात?"

"त्यांच्यातही होता. बहुधा या आजींच्यातही असेल आणि माझ्यातही."

"मग आता उठलाय तो कुणाचा?"

"ते आत्ता सांगता यायचं नाही. उपचारही त्यानं बदलत नाहीत."

"मला नाय काय झालं कधी," म्हणत आत्यानं पदर सावरला आणि ती निघून गेली.

मग मी डॉक्टरांवरही चिडले. "तुम्हाला माहीत होतं, तर आम्हाला का नाही सांगितलं?"

"समुपदेशनात सांगितलं होतं."

मला ते समुपदेशन आठवलं. एक मुलगी अर्धं इंग्रजीत भराभर बोलत होती. बाहेरचं खायचं नाही, मास्क लावायचा, एवढंच आमच्या पदरात पडलं. ताप आला तर दुसरीकडं कुठं जाऊ नका, आधी आम्हाला फोन करा, हे एक वाक्य साध्या मराठीत कुणी ठासून सांगितलं असतं, तर दादा अंथरुणाला खिळला नसता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते ऐकून घेऊन नुसते "बरोबर आहे" म्हणाले.

प्रतिकारशक्ती दाबणारी एक गोळी त्यांनी थांबवली आणि शिरेतून औषध सुरू केलं. हळूहळू ताप गेला. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी चालत नाही. घरी सोडलं त्या दिवशी वहिनी म्हणाली, "ताई, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय, पाहिजे होतं," मी म्हणाले. तिची समजूत काढायची माझी तयारी नव्हती.

यंदा सिल्लोडला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत आत्या शेजारणीला सांगत होती, "बहिणीच्या किडनीतूनच रोग आला पोराला."

मी उठणार, तेवढ्यात मास्क गळ्याशी ओढून दादा मोठ्यानं म्हणाला, "आत्या, त्याच किडनीवर मी इथवर आलोय. पुन्हा असं बोललीस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाय."

आत्या ताटात बघत राहिली. तिनं माझी माफी काही मागितली नाही आणि माझा राग अजून गेलेला नाही.