न जुळलेलं रक्त

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. बरगीच्या हाडांचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. छत्तीसगड वेगळं होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि मी जबलपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्यात बरगी धरणाचं पाणी उतरलं, तेव्हा मासेमारांना गाळात एक गोणी सापडली. आत दगड आणि माणसाचा सांगाडा. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा केला आणि हाडं मेडिकल कॉलेजात पाठवली.

मदन महल भागातला एक मराठी तरुण आदल्या पावसाळ्यापासून बेपत्ता होता. तो रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. घरी दोघी विधवा जावा. थोरलीला तो माय म्हणायचा, धाकटीला काकू. थोरली दर आठवड्याला ठाण्यात येऊन बाकावर बसायची. शिपाई तिला पाणी द्यायचे आणि नजर चुकवायचे. मी स्वतः वैदर्भी घरातला, म्हणून माझ्याशी ती मराठीत बोलायची. मुलगा मिळाला का, एवढंच विचारायची.

गोणीची बातमी पसरली आणि रिछाईतल्या आमच्या खबऱ्याने त्या मुलाच्या कारखान्यातल्या एका साथीदाराचं नाव दिलं. मुलगा आपल्या बहिणीशी बोलतो म्हणून हा साथीदार त्याच्यावर डूख धरून होता. त्याला आणून बसवलं. तो शांतपणे उत्तरं देत होता. पण मुलाविषयी बोलताना प्रत्येक वेळी "अच्छा लड़का था, साहब" म्हणायचा. बाकी सगळा कारखाना "है" म्हणत होता. मी हे त्याला दाखवून दिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने सगळं ओकून टाकलं.

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्याने दाखवलेल्या जागेवरून हाडं आम्ही आधीच उचलली होती, त्यामुळे नवं काही हाती लागलं नाही. हाडं त्याच मुलाची आहेत हे सिद्ध झालं नाही, तर आरोपी सुटणार हे उघड होतं.

आता डीएनएवरून दूरच्या नातलगांचाही माग लागतो, उष्ट्या कपावरून माणूस ओळखतात. तेव्हा आमच्या खात्याला हे सगळं नवीन होतं. दात आणि मांडीचं हाड बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, सोबत आईबापाचं रक्त द्यायचं आणि वाट बघायची. बाप हयात नव्हता. हवालदाराने दोघींना हिंदीत विचारलं, "लड़के की माँ कौन?" थोरली उठली आणि तिने हात पुढे केला. धाकटी गप्प राहिली.

बऱ्याच महिन्यांनी अहवाल आला. रक्त देणारी स्त्री मृताची जन्मदाती नाही. आरोपीच्या वकिलाला हेच हवं होतं. ठाण्यातही कुजबुज सुरू झाली की कबुली भीतीपोटी दिली असेल.

मी स्वतः घरी जाऊन सांगितलं की ती हाडं तुमच्या मुलाची नाहीत. थोरली देवाला नव्हे, मलाच हात जोडत राहिली. मग आत जाऊन साखर आणली आणि माझ्या हातावर ठेवली. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभी होती. तोंडात पदर कोंबून ती खाली बसली. वाईट बातमीला रडणारे मी पुष्कळ पाहिले होते. चांगल्या बातमीने असं मोडून पडलेलं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

फाटकापर्यंत ती माझ्या मागे आली. "साहेब, माझं रक्त घेऊन पाहा."

"काहून, काकू?"

"पोटातून माझाच तो. पाळण्यातच थोरल्या बाईंच्या ओटीत घातला होता. दिलेल्या पोराचं पुन्हा नाव काढायचं नसते." मग थोडं थांबून म्हणाली, "मी चूप राहिली तर बाई जगतील, साहेब. पण तो तिकडे लावारिस पडून राहील ना."

मूलबाळ नसलेल्या थोरल्या जावेच्या ओटीत धाकटीने मूल घालायचं, ही रीत आमच्याही नात्यात होती. त्याचा उच्चार कोणी करत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल खरा होता. चुकला होता तो आमचा प्रश्न.

धाकटीचं रक्त जुळलं. ते सांगायला मी घरी गेलो. थोरलीला मी दोष दिला नाही, तरी तिला तो जाणवला असावा. "तुम्ही माय विचारली, मी माय सांगितली," ती म्हणाली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नमुना घेताना मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारत आलो. जन्म कोणी दिला, आणि वाढवलं कोणी. एकाचं उत्तर दुसऱ्यावरून गृहीत धरलं नाही.

आरोपीला जन्मठेप झाली. अस्थी ताब्यात द्यायच्या दिवशी दोघी जावा आल्या. सुपुर्दनाम्यावर आईची सही हवी होती. रक्त जिचं जुळलं तिच्यापुढे मी नियमाप्रमाणे कागद सरकवला. धाकटीने तो उचलून थोरलीपुढे ठेवला आणि पेनही तिच्या हातात दिलं.

"सही बाई करतील. मी त्याची काकू आहे."

नियमात ती सही बसत नव्हती. मी ती चालवून घेतली, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी केली.